त्वचेची अंतर्छटा
(अंडरटोन). त्वचेच्या वरवरच्या रंगाखाली जाणवणारी, फाउंडेशनची छटा ठरवताना विचारात घेतली जाणारी स्थिर रंगझाक.

उगम : मेलॅनीन, कॅरोटीन व रक्तातील हीमोग्लोबिन यांच्या प्रमाणातून ती ठरते (पहा : मेलॅनीन). अहिल्यानगरसारख्या कडक उन्हाच्या जिल्ह्यात पृष्ठरंग रापतो. पण अंतर्छटा सहसा टिकते.

वैशिष्ट्ये : उष्ण अंतर्छटा पिवळसर-सोनेरी, शीत गुलाबी-निळसर, तर तटस्थ या दोहोंमधली असते. गोऱ्या, गव्हाळ वा सावळ्या अशा कोणत्याही वर्णात तिन्ही आढळतात. मनगटाच्या शिरांच्या रंगावरून अंतर्छटा ओळखण्याची चाचणी सावळ्या त्वचेवर अनिश्चित ठरते. म्हणून फाउंडेशनची छटा जबड्यालगत लावून दिवसाच्या उजेडात पाहतात.

महत्त्व : आयर्न ऑक्साइडच्या पिवळ्या, तांबड्या व काळ्या रंजकद्रव्यांच्या मिश्रणाने फाउंडेशनची छटा साधतात. अंतर्छटा न जुळल्यास चेहरा राखाडी किंवा मानेहून वेगळा दिसतो (पहा : रंगभूषा, सौंदर्यप्रसाधने).