सक्रियित कोळसा (विषबाधेवरील उपचार)

पोटात गेलेले औषध किंवा विष रक्तात शोषले जाऊ नये म्हणून पाण्यात कालवून पाजली जाणारी, अतिसच्छिद्र कोळशाची काळी, बेचव पूड म्हणजे सक्रियित कोळसा होय. नारळाच्या करवंट्या, लाकूड इत्यादींपासून केलेला कोळसा उच्च तापमानाला वाफेच्या सान्निध्यात तापवला असता त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण होतात आणि एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे १,००० चौ. मी. भरते. या पृष्ठभागाला विषाचे रेणू चिकटतात, या क्रियेस अधिशोषण म्हणतात. कोळसा पचत नसल्याने ते शौचावाटे बाहेर पडतात. १८३१ मध्ये तुएरी या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने स्ट्रिक्नीनची मारक मात्रा कोळशासह स्वतः घेऊन हा गुण दाखवल्याचे सांगितले जाते.

प्रौढास साधारणतः ५० ग्रॅ. आणि बालकास वजनाच्या दर किलोग्रॅममागे १ ग्रॅ. मात्रा देतात. विष पोटात गेल्यापासून तासाभरात ती दिल्यास सर्वाधिक उपयोग होतो. पॅरासिटॅमॉल, फेनोबार्बिटल यांसारख्या औषधांवर ती गुणकारी असली, तरी लोह, लिथियम, मद्यार्क, तीव्र अम्ले व अल्कली यांवर निरुपयोगी ठरते. बेशुद्ध रुग्णाच्या श्वसनमार्गात ती शिरण्याचा धोका असल्याने उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा लागतो.

उदाहरणार्थ, कापूस व सोयाबीन पिकवणाऱ्या महाराष्ट्रातील परभणी जिल्ह्यात कीटकनाशके घरोघरी असल्याने विषबाधेचा विचार प्रामुख्याने त्यांच्या संदर्भात करावा लागतो. जिंतूर व गंगाखेड ही तालुक्याची गावे परभणीपासून सुमारे ४० किमी. दूर असल्याने, जिल्हा रुग्णालयात पोहोचेपर्यंत उपयुक्त वेळ निघून जाऊ शकतो. म्हणून जवळच्या सरकारी रुग्णालयातील पहिला उपचार महत्त्वाचा ठरतो. मात्र ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेत मुख्य भिस्त ॲट्रोपिन या औषधावर व श्वसनाच्या आधारावरच असते. श्रीलंकेतील ४,५०० हून अधिक रुग्णांच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोळशाने मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. या रुग्णांत कीटकनाशके व पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाल्लेले बहुसंख्य होते.

पॅराक्वाट या तणनाशकावर कोळशाप्रमाणे मुलतानी मातीच्या वर्गातील शुद्ध केलेली अधिशोषक मृत्तिकाही पाजतात. परभणीच्या कापसाच्या काळ्या जमिनीतही त्याच कुळातील स्मेक्टाइट मृत्तिका विपुल असते. तथापि शेतातील माती किंवा चुलीतील कोळसा हा या शुद्ध मृत्तिकेचा किंवा सक्रियित कोळशाचा पर्याय नव्हे. विषबाधेचा संशय येताच रुग्णास ओकारी न काढवता, विषाचे वेष्टन सोबत घेऊन १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावे.