दोन धर्मग्राम, एक नाव

खोपटच्या एसटी आगारापासून थोड्या अंतरावर, मासुंदा तलावाच्या काठी, संत जॉन बाप्टिस्टाचे जुने चर्च उभे आहे. कॅथलिक कुटुंबाच्या दृष्टीने धर्मग्रामाचे नाव पाटीपुरते नसते. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्या त्याच नावाने लिहिल्या जातात, वर्षाचा सण त्याच नावाचा असतो. म्हणून दोन धर्मग्राम एकत्र करायची वेळ आली की जमीन आणि हिशेब यांच्याइतकाच नावाचा प्रश्नही कठीण होतो. युरोप-अमेरिकेत तो आज जागोजागी उभा आहे, पण आपल्या या पट्ट्याने त्याची अनेक रूपे पूर्वीच पाहिलेली आहेत. त्यांचा माग काढायला आपण बरेच मागे जाऊ.

सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ या बंदरात पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली. बहुतेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आपले कल्याणच मानतात. पुढे १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस हे चौघे फ्रान्सिस्कन ठाण्यात मारले गेले. थोड्याच काळात पोर्देनोनेचा ओदोरिक इथे आला आणि त्यांच्या अस्थी समुद्रमार्गे थेट चीनपर्यंत घेऊन गेला. पोर्तुगीज गलबते या किनाऱ्याला लागायच्या कितीतरी आधी ठाण्याचे नाव ख्रिस्ती जगात पोचले होते, हे आज ठाणेकरांच्याही फारसे लक्षात नसते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि साष्टी-वसईच्या गावागावांवर संतांची नावे चढली. त्यांतल्या एका नावाचा प्रवास सांगण्याजोगा आहे. १५७९ मध्ये जेझुइटांनी कोंडिविट्याला संत जॉन बाप्टिस्टाचे चर्च बांधले. १८४० मध्ये साथ आली, वस्ती उठली, आणि लोक मूर्तींसह मरोळला गेले. तिथे नवे चर्च उभे राहिले ते संत जॉन इव्हँजेलिस्टाच्या नावाने. येशूला बाप्तिस्मा देणारा योहान मागे राहिला, शुभवर्तमान लिहिणारा योहान पुढे आला. लोक तेच, मूर्ती त्याच, नाव मात्र अर्धे जुने आणि अर्धे नवे. जुने चर्च आज सीप्झच्या औद्योगिक वसाहतीत भग्नावस्थेत उभे आहे, आणि त्याचे नाव कोणी काढून घेतलेले नाही.

मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेतले, १७३९ मध्ये वसई पडली, १७७४ च्या अखेरीस इंग्रज ठाण्यात आले. सत्ता बदलल्या तरी चर्चवर हक्क कोणाचा, हा वाद पोर्तुगालचा राजा आणि रोम यांच्यात धुमसतच राहिला. राजाच्या बाजूला पाद्रोआदो म्हणत, रोमच्या बाजूला प्रोपगांडा. हा तंटा कागदावरचा नव्हता. १८५३ मध्ये रोमच्या बाजूचे बिशप हार्टमान, चर्च दुसऱ्या पक्षाच्या हाती जाऊ नये म्हणून, माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये स्वतःला कोंडून घेऊन बसले होते. एकाच शहरात दोन बिशपांचे दोन कळप, कधी एकाच मोहल्ल्यात दोन निष्ठा. १८८६ च्या करारानंतर दमण हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि त्याच्या बिशपाला क्रांगानोरच्या आर्चबिशपाची पदवी देण्यात आली. क्रांगानोर म्हणजे केरळातले कोडुंगल्लूर. तिथले पीठ बंद पडले, त्याचे नाव मात्र दूर उत्तरेच्या किनाऱ्यावर जिवंत राहिले. मावळलेले नाव जपण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

निर्णायक वळण आले १९२८ मध्ये. पोर्तुगाल आणि रोम यांच्यात समझोता होऊन मुंबईतला दुहेरी कारभार संपला. दमणचा धर्मप्रांत विसर्जित झाला, त्याचा ब्रिटिश मुलखातला भाग मुंबईकडे आला, आणि गोव्याच्या महाधर्मप्रांताचे नाव ‘गोवा आणि दमण’ झाले. ते आजही तसेच आहे. विलीनीकरणातल्या धाकट्या पक्षाचे नाव थोरल्याच्या नावाला जोडून राखले गेले. मुंबईत मात्र भांडणाऱ्या दोन्ही बाजू ‘मुंबई’ या एकाच नावाखाली आल्या. तिथे तोल राखण्यासाठी आर्चबिशप आलटून पालटून पोर्तुगीज आणि ब्रिटिश नेमायचे ठरले. पहिले जोआकिम लिमा, नंतर थॉमस रॉबर्ट्स. कुठे नाव वाटून घेतले गेले, कुठे खुर्ची.

त्यानंतर इथे ओघ उलटा फिरला, एकाचे दोन होऊ लागले. ३० एप्रिल १९८८ रोजी सिरो-मलबार भाविकांसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला आणि कॉस्मासच्या बंदराला चौदाएकशे वर्षांनी पुन्हा बिशप मिळाला. २२ मे १९९८ रोजी मुंबईतून वसई वेगळी निघाली. ठाणे मुंबईकडेच राहिले.

युरोपात मात्र दोनाचे एक होत राहिले. तिथले ओस पडत चाललेले धर्मग्राम एकत्र करताना नावांचे काय करावे, हे रोमने १९९९ मध्ये स्पष्ट केले. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार धर्मग्राम स्थापणे, मोडणे वा बदलणे हा बिशपचा अधिकार आहे, मात्र त्याने आधी धर्मगुरूंच्या मंडळाचे मत घ्यायला हवे. अभिषेक झालेल्या चर्चचे नाव बदलता येत नाही. जोडलेल्या धर्मग्रामाला नवे नाव देता येते, पण त्यातले प्रत्येक चर्च आपल्या मूळ संताचेच राहते. कोंडिविट्याच्या भिंतींनी जे आपोआप जपले, ते इथे नियमात आले, आणि हा नियम मला न्याय्य वाटतो.

या पट्ट्यातही उद्या दोन जुने धर्मग्राम एक करावे लागले, तर मी ठाण्याच्या त्या चौघांचे नाव सुचवीन. ते पाद्रोआदोचे नाही, प्रोपगांडाचे नाही, कोणत्याही एका गावाच्या सणाचे नाही. त्यामुळे कोणालाच आपले नाव हरल्यासारखे वाटणार नाही. त्यांच्यातल्या थॉमसच्या उपासनेला रोमने १८९४ मध्ये मान्यता दिली आहे. पण तो अजून ‘धन्य’ आहे, ‘संत’ नाही. त्यामुळे त्याच्या नावाने चर्च अर्पण करायचे तर रोमची खास परवानगी आणावी लागेल.