परदेशी सुरांची प्रतिष्ठा

गिटारचा ध्वनी मोठा करणाऱ्या यंत्रास ॲम्प्लिफायर म्हणतात. कॅलिफोर्नियातील अलेक्झांडर डम्बल या कारागिराने अशी यंत्रे आयुष्यभरात सुमारे तीनशेच बनविली. ती कोणास द्यावयाची हे तो स्वतः ठरवी, आणि आतील जोडणी कोणी उतरवून घेऊ नये म्हणून तिच्यावर राळेचा थर देई. २०२२ साली तो निवर्तला. त्याच्या यंत्रास आज एक लाख डॉलरहूनही अधिक किंमत येते. वस्तू दुर्मीळ झाली की तिचा आवाजही अधिक गोड वाटू लागतो, हा मनुष्यस्वभाव केवळ पाश्चात्त्यांचा नव्हे. आपल्याकडे बाजाच्या पेटीभोवती याच स्वभावाचा एक इतिहास घडला आहे.

हार्मोनियमचा जन्म १८४० च्या दशकारंभी पॅरिस येथे अलेक्झांद्र दबँ याच्या हातून झाला. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता चालविण्याची, मांडी घालून वाजविता येणारी पेटी सिद्ध केली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. पुढे गोविंदराव टेंब्यांनी पेटीस आणि बालगंधर्वांच्या साथीस बसणाऱ्या हरिभाऊ देशपांड्यांनी ऑर्गनला मानाचे स्थान मिळवून दिले. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेला, डिचोली त्याच्या काही वर्षे आधी. परंतु या दोन्ही महालांचे सावंतवाडीशी व घाटावरच्या मुलखाशी असलेले नाते तुटले नाही. देवळांतील भजने आणि उत्सवांतील संगीत नाटके यांच्याबरोबर पेटीही येथे रुजली, आणि सुखवस्तू घराच्या ओटीवर तिला जागा मिळाली.

पेटीचा प्राण म्हणजे तिच्यातील पितळी सूर. एका चौकटीवर बसविलेली पातळ जीभ वाऱ्याने कंप पावते आणि त्यातून स्वर निघतो. पॅरिसच्या कासरियल कंपनीचे सूर आणि जर्मनीतून येणारे सूर यांची ख्याती मोठी होती. तीत तथ्यही होते: पितळ चांगले, जिभेची जाडी नेमकी, चौकटीतील फट अत्यंत अरुंद. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवर निर्बंध आले. गुजरातेतील पालिताणा येथे बनलेले सूर देशभर जाऊ लागले. आवक थांबली तसे परदेशी सुरांचे मोल वाढत गेले. जुने ऑर्गन मोडून त्यांचे सूर काढावेत, ते नव्या पेटीत बसवावेत आणि ती पेटी चढ्या दराने विकावी, असा व्यवहारच सुरू झाला. ‘जर्मन सुरांची पेटी’ एवढे तीन शब्द उच्चारले की वाजवून पाहण्याआधीच ऐकणाऱ्याची मान डोलू लागते.

परंतु सुराची जीभ टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. आणि किती घासावे हे कारागिराचा कान सांगतो. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगते, पितळेवर हिरवट गंज चढतो, भात्यातून वारा निसटतो. अशा पेटीत अस्सल पॅरिसचे सूर असले तरी ती बेसूरच वाजणार. जाणत्याने मिळविलेली साधी देशी पेटी तिच्याहून सरस ठरते.

अपूर्व वाद्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातही झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम लंडनमध्ये करवून घेतली. १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे मांडण्यात आली. परंतु तिच्या श्रुती सर्वांना मान्य झाल्या नाहीत आणि ती प्रचारात आली नाही. उलट, समान अंतरांच्या स्वरांमुळे सदोष ठरवून आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात जिला दूर ठेवले, ती साधी पेटी मैफलीत टिकून राहिली. हा आक्षेप स्वस्त देशी पेटीला जितका लागू होता तितकाच महाग परदेशी पेटीलाही. त्याला उत्तर दिले ते वादकांनी. पी. मधुकर म्हणजेच मधुकर पेडणेकर हे अशा वादकांपैकी एक. त्यांच्या आडनावातच आपले पेडणे आहे. त्यांचे शिष्य, बोरीचे पं. तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८), यांना २०१६ साली पद्मश्री लाभली. हे ज्ञान गुरूने शिष्याला समोर बसवून दिले.

आज आपल्या कित्येक जुन्या घरांत पेट्या बंद पडून आहेत. त्यांतील सूर परदेशी असल्याची कुणकुण लागली की गिऱ्हाईक दारी येते, आणि आजोबांची पेटी सुटी होऊन परगावी जाते. मिळणाऱ्या पैशाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र विकण्यापूर्वी एखाद्या जाणत्याकडून भाता दुरुस्त करवून, सूर मिळवून ती एकदा वाजवून पाहावी, आणि घरात वाजविणारा नसेल तर गावच्या भजनी मंडळास द्यावी. पेटी मिळविणारे कारागीर आता थोडेच उरले आहेत. त्यांना काम मिळाले नाही, तर उद्या अस्सल पॅरिसचे सूर हाती असूनही ते मिळविणारा कान आपल्यापाशी नसेल.