पदरमोडीच्या पुस्तकांची बाजू

“हौस आहे, इतिहास नव्हे.” नांदेडच्या एका ग्रंथप्रदर्शनात इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी हा निकाल उभ्याउभ्याच दिला. त्यांच्या हातात एका निवृत्त गार्डाने पदरमोड करून छापलेले शंभरेक पानांचे पुस्तक होते. विषय : मीटरगेजच्या काळातल्या पॅसेंजर गाड्या. मुखपृष्ठावर वाफेच्या इंजिनाचे धूसर छायाचित्र. सरांनी चार पाने उलटली, शेवटी संदर्भसूची शोधली, ती नाही म्हटल्यावर पुस्तक जागेवर ठेवले. मी ते विकत घेतले. तेव्हापासून त्या निकालाशी मनातल्या मनात भांडतो आहे. ते भांडण एकदा कागदावर उतरवावे म्हणतो.

पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो वेडगळ नाही. स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकाला संपादक नसतो, म्हणून चुका राहतात. प्रकाशकांनी परत पाठवलेले हस्तलिखितच माणूस स्वतः छापतो. छंदिष्टाला इंजिनाचा क्रमांक पाठ असतो, पण ते इंजिन कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या सोयीसाठी आले, हे त्याच्या गावी नसते. आणि विषयात एवढा दम असेल, तर रेल्वे खाते किंवा विद्यापीठ लिहीलच की!

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण मला तोच सगळ्यांत कच्चा वाटतो. रेल्वे खाते लिहील, पण कोणते? नांदेड विभाग २००३ साली झाला, तो दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे कारभार सिकंदराबादचा. लातूर स्थानक मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. लातूर रोड आणि उदगीर पुन्हा दक्षिण मध्यकडे, पण नांदेड विभागात नाहीत. शेजारचे दोन जिल्हे, आणि धनी किती! खात्याचा इतिहास खात्याच्या हद्दीत चालतो; कधी शताब्दी आली की गुळगुळीत कागदावर निघतो आणि हद्द संपली की थांबतो. प्रवासी मात्र हद्दीवर उतरत नाही.

जुनी कागदपत्रेही अशीच विखुरलेली. नांदेडला गाडी आली ती मनमाड ते सिकंदराबाद या मीटरगेज मार्गावर. ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली’ असे त्याचे नाव. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पुरा झाला आणि निजामाच्या गॅरंटीड रेल्वेने चालवला. १९३० मध्ये निजाम सरकारने ती रेल्वेच विकत घेतली. लातूरची गाडी अगदी निराळ्या घरची. बार्शी लाइट रेल्वे ही लंडनची खासगी कंपनी, रूळ अडीच फुटी. त्या दोन घरांचे दप्तर एका ठिकाणी कधीच नव्हते. हे सगळे एका सूत्रात ओवायचे, तर नांदेडला राहणारा, लातूरला सासुरवाडी असलेला आणि दोन्हीकडच्या गाड्यांत उभे राहून प्रवास केलेला माणूसच हवा. तो विद्यापीठात असेलच असे नाही.

बार्शी लाइटपाशी थोडे थांबतो. जी. आय. पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत काम केलेला एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर या गाडीच्या मागे हात धुऊन लागला होता. दर आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, मग हलके रूळही पुरतात, खर्चही आवाक्यात राहतो, आणि मोठ्या रेल्वेने वाऱ्यावर सोडलेल्या बाजारपेठांना गाडी मिळते, असा त्याचा हिशेब. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा तुकडा सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. एकूण २०२ मैल. कापूस, गळिताची धान्ये आणि आषाढीचे वारकरी तिने एकाच तन्मयतेने वाहिले. १९५४ मध्ये सरकारने ती घेतली.

याच कॅलथ्रॉपने बार्शीचा अनुभव गाठीशी घेऊन इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच अडीच फुटी गाडी उभी केली. लांबी जेमतेम सव्वाआठ मैल. १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली. सव्वाआठ मैल आणि तीस वर्षे, पण तिच्यावर इंग्रजीत एकाहून अधिक पुस्तके आहेत, आणि ती लिहायला कोणी सरकार बसले नव्हते. २०२ मैलांच्या आणि शंभरावर वर्षे चाललेल्या आपल्या गाडीच्या वाट्याला मराठीत किती पाने आली, ते वाचकाने आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन मोजावे.

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. तिच्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले, आणि ते योग्यच होते. पण मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही वाट मुळात कोणी पाडली, हे त्या रकान्यांत मला दिसले नाही. ती वाट बार्शी लाइटची. पुढे तीच टप्प्याटप्प्याने रुंद झाली.

आता चुकांचा आरोप. तो खरा आहे. माझ्याकडच्या त्या गार्डाच्या पुस्तकात बार्शी लाइट निजामाची म्हटली आहे. हे साफ चूक. अजून एक नेहमीची चूक : बार्शी लाइट उस्मानाबादवरून जायची म्हणतात. अरुंद रूळ गावाला बगल देऊन येडशीवरून जात. उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, रेल्वेच्या नकाशावर आले ते रुंदीकरणात मार्ग वळवला म्हणून. पण गंमत अशी की या दोन्ही चुका मी पदव्या लावणाऱ्यांच्या लिखाणातही वाचल्या आहेत. मग संपादक काय करत होता? संपादक भाषा तपासतो, शीर्षक सुचवतो. येडशीला गाडीतून उतरून पुढे उस्मानाबादला बसने गेलेला माणूस त्याच्या कचेरीत नसतो. ही चूक पकडतो तो दुसरा छंदिष्ट. आणि तो पकडेल तेव्हाच, जेव्हा पहिल्याने काही छापलेले असेल.

प्रकाशक नाकारतो म्हणजे पुस्तक टाकाऊ, हाही तर्क लंगडा आहे. प्रकाशकाला खप दिसावा लागतो. पूर्णा जंक्शनवरून सुटणाऱ्या गाड्यांच्या पुस्तकाला समजा तीनशे गिऱ्हाइके आहेत. त्या तीनशेंसाठी कोणी गोदाम भाड्याने घेत नाही. त्यात पुस्तकाचा काय दोष? लंडनच्या वॉटर्लू स्टेशनात सदर्न रेल्वेच्या कचेरीत इयन ॲलन नावाचा तरुण कारकून होता. इंजिनांचे क्रमांक विचारणारी पत्रे यायची, उत्तरे द्यायचे काम त्याचे. एक यादी छापून टाकू, असे त्याने सुचवले; साहेबांनी नाही म्हटले. १९४२ मध्ये त्याने स्वतःच छापली. प्रती हातोहात गेल्या, आणि त्या पुस्तिकेतून पुढे एक मोठी प्रकाशनसंस्था उभी राहिली. भारतीय इंजिनांवर ज्याचा हवाला आज जो तो देतो, तो ह्यू ह्यूजचा चार भागांचा ग्रंथ १९९०च्या दशकात काढला तोही कोणत्या विद्यापीठाने नव्हे, हॅरो इथल्या रेल्वेवेड्यांच्या एका मंडळाने. आणि इंग्लंडपर्यंत जायचे तरी कशाला? १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ घराघरांतल्या दप्तरांतून गोळा करून छापणारे राजवाडे कोणत्या विद्यापीठाच्या पगारावर होते? मराठी इतिहासाचा पायाच अशा उन्हातान्हात वणवण करणाऱ्यांनी घातला. आज त्याच इतिहासाचे प्राध्यापक हौसेला नाके मुरडतात, हे मला जरा मजेचे वाटते.

पण माझा खरा मुद्दा याहून बारीक आहे. रेल्वेचा इतिहास आणि पॅसेंजर गाडीचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूळ कधी पडले, पैसे कोणी दिले, हे कागदात सापडते. गाडीचे तसे नाही. गाडी म्हणजे एक वेळ, काही डबे, थांबे, आणि चढणारी माणसे. तिची साधने टिकाऊ नसतात. कर्मचाऱ्यांसाठीच्या वेळापत्रकात कोणती गाडी कोणत्या स्थानकात कोणत्या गाडीच्या क्रॉसिंगला थांबेल, हे मिनिटांसह असते. एकेरी मार्गावर पॅसेंजरचे सगळे आयुष्य त्या रकान्यात लिहिलेले : एक्स्प्रेस आली की हिने बाजूच्या रुळावर सरकायचे, पुढे जायच्या परवान्याची, म्हणजे टोकनची, रिंग हातात येईपर्यंत वाट पाहायची, आणि तेवढ्यात डब्यात भजी विकली जायची. नवे वेळापत्रक आले की जुने रद्दीत.

तिकिटाचेही तसेच. माझ्यापुढे आत्ता एक जाड पुठ्ठ्याचे, दोन बोटांवर मावणारे तिकीट आहे. तारीख शाईने नाही, यंत्राने दाबून उमटवलेली. वाचायची तर ते दिव्याखाली तिरपे धरावे लागते. एका कडेला तपासनिसाच्या चिमट्याची खूण. त्यावर वर्ग ‘तिसरा’ आहे, आणि तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. म्हणजे तारीख पुसट असली तरी तिकिटाचे वय किमान किती, हे कळते. असल्या पुराव्याला कोणत्या अभिलेखागारात फाईल असते? तो पत्र्याच्या पेटीत असतो, आणि पेटी छंदिष्टाच्या पलंगाखाली.

आणि हे नुकतेच संपलेल्या काळालाही लागू आहे. २०१० च्या डिसेंबरात गाड्यांचे क्रमांक पाच आकडी झाले. २०२० च्या मार्चमध्ये सगळ्या पॅसेंजर थांबल्या; पुढे त्यातल्या कित्येक ‘विशेष’ म्हणून शून्याचा क्रमांक लावून आणि एक्स्प्रेसचे भाडे घेऊन परतल्या. गाडी तीच, वेळ जवळपास तीच, नाव आणि भाडे निराळे. वीस वर्षांनी नुसते क्रमांक पाहणारा अभ्यासक तिला नवी गाडी समजेल. २०१७ मध्ये लातूर-मुंबई एक्स्प्रेस बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले. आंदोलन वर्तमानपत्रांत आहे. पण त्यानंतर लातूरच्या फलाटावर गाडी येई तेव्हा जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा असे की नसे, हे रोज जाणाऱ्यानेच लिहायचे.

इतकी वकिली केल्यावर अशिलाचे दोषही सांगितले पाहिजेत. आपल्याकडच्या पदरमोडीच्या पुस्तकांचा खरा रोग संपादकाचा अभाव हा नाही. पहिल्या वीस पानांत आमदार-खासदारांचे फोटोसह शुभेच्छासंदेश, मग मनोगत, मग प्रस्तावना, मग आणखी एक प्रस्तावना, प्रकाशनाला शाल-श्रीफळ. विषय सुरू होईपर्यंत गाडी सुटलेली असते. त्या वीस पानांत स्थानकांची सूची मावली असती. दुसरे, पाहिले काय, ऐकले काय आणि वाचले काय, हे लेखक वेगळे सांगत नाही. ‘पूर्णेच्या एका जुन्या ड्रायव्हरकडून ऐकले, अमुक साली’ एवढी एक ओळ हीच तळटीप. ती मागण्याचा त्या प्राध्यापकांचा हक्क मला मान्य आहे. त्यांनी तेवढेच मागितले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

छापताना दोन कामे विसरू नयेत. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने, मग तो लेखक स्वतःच का असेना, प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. शंभर प्रती काढल्या तरी चार तिथे जाऊ द्याव्यात.

राहता राहिली एक विनंती, तीही लेखकांना नाही. पूर्णा, परळी, कुर्डुवाडीच्या रेल्वे वसाहतींत ज्यांच्या घरी वडिलांची जुनी वेळापत्रके, डायऱ्या, पास, तिकिटे पत्र्याच्या पेटीत पडली असतील, त्यांनी यंदा दिवाळीची झाडलोट करताना तेवढी पेटी वगळावी.