कुवेतच्या जहाजावरील परकें निशाण



सन १९८७ च्या जुलै महिन्यांत इराणच्या आखातांत एक विलक्षण देखावा घडला. चार लाख टनांहून अधिक भार वाहूं शकणारें एक अवाढव्य तेलवाहू जहाज उत्तरेस कुवेतकडे चाललें होतें. जहाज कुवेतच्या मालकीचें. त्याचें मूळ नांव ‘अल् रेक्का’. परंतु तें नांव पुसून त्यावर ‘ब्रिजटन’ असें नवें नांव घालण्यांत आलें होतें, आणि कुवेतच्या निशाणाऐवजीं त्यावर अमेरिकेचे तारे व पट्टे फडकत होते. संरक्षणासाठीं अमेरिकेच्या युद्धनौका बरोबर होत्या. ता. २४ रोजीं फार्सी बेटाजवळ या जहाजास पाण्याखालील सुरुंगाचा धक्का बसला. पोटास मोठें भगदाड पडलें. पण अशा अजस्र देहास तेवढ्यानें जलसमाधि मिळत नाहीं. जहाज चालतच राहिलें. तसा आघात सोसण्याचें बळ त्या मानानें सडपातळ असलेल्या युद्धनौकांच्या अंगीं नव्हतें. मग झालें काय, तर रक्षण करणाऱ्या नौका रक्षण व्हावयाच्या जहाजाच्या मागें एका ओळींत लागल्या, आणि जखमी तेलवाहू पुढें वाट काढीत कुवेतला पोंचलें.

या प्रसंगाचें त्या वेळीं थोडेंबहुत हंसें झालें. मला मात्र त्यामागील इतिहास हंसण्यापेक्षां विचार करण्याजोगा वाटतो. कारण आखाताच्या कांठच्या सहा राज्यांपैकीं परकीय सैन्यास आपल्या किनाऱ्यावर पाय ठेवूं देऊं नये, असें सर्वांत आग्रहानें सांगणारें राज्य कुवेतच होतें. त्याच कुवेतवर आपल्या जहाजावरचें निशाण उतरविण्याची पाळी कां आली, आणि चारच वर्षांनीं परकीय सैन्याला आपल्या भूमीवर थारा देण्याचा करार त्यानें कां केला, हें आज आपण पाहूं.

हा किनारा मुंबईस अपरिचित नाहीं. सन १८१९ मध्यें मुंबई सरकारनें धाडलेल्या आरमारानें रास अल् खैमा हस्तगत केलें, आणि पुढच्याच वर्षीं तेथील शेखांनीं इंग्रजांशीं तह केला. बुशायर येथें बसणारा इंग्रज रेसिडेंट पुष्कळ वर्षें मुंबईच्या हुकमतीखालीं होता. मुंबईच्या बाजारांतील मोतीं बव्हंशीं याच समुद्रांतून येत, आणि आपला रुपया तेथें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालत असे. कुवेतचा शेख मुबारक यानें सन १८९९ मध्यें इंग्रजांशीं गुप्त करार करून, त्यांच्या संमतीवांचून कोणत्याही परराज्याचा वकील ठेवून घेणार नाहीं व आपली तसूभरही जमीन दुसऱ्या कोणास देणार नाहीं, असें वचन दिलें. याबद्दल त्यास पंधरा हजार रुपये मिळाले. मुबारकास भय होतें तें तुर्कांचें. इंग्रज दूरचे, म्हणून बरे.

ही व्यवस्था १९६१ च्या जूनमध्यें संपली आणि कुवेत स्वतंत्र झालें. आठवडाही लोटला नाहीं तोंच इराकच्या कासीमनें, कुवेत हा इराकचाच भाग आहे, असा दावा मांडला. इंग्रजांना पुन्हां सैन्य उतरवावें लागलें व मागाहून त्यांची जागा अरब संघाच्या तुकडीनें घेतली. पुढें १९६८ मध्यें ब्रिटननें आखातांतून निघून जाण्याचा निर्णय जाहीर केला. १९७१ अखेर बहरीन, कतार व संयुक्त अरब अमिरात हीं राज्यें उदयास आलीं. आणि इंग्रजांचा पाय निघतो न निघतो तोंच इराणच्या शहानें तीन बेटें बळकावलीं. इंग्रज गेल्यानें मोकळी झालेली जागा भरून काढण्यास शेजारी टपलेलेच होते.

तथापि खरी कसोटी लागली ती १९८० च्या सप्टेंबरांत. ता. २२ रोजीं सद्दाम हुसेनच्या इराकी फौजा इराणांत घुसल्या व आठ वर्षें चालणाऱ्या युद्धास तोंड लागलें. या दोन मल्लांच्या झुंजींत कडेला उभ्या असलेल्या राजांनीं कोणाचा जय चिंतावा? इराणांत वर्षापूर्वींच शहाचें सिंहासन उलथलें होतें, आणि वंशपरंपरागत राजेपणच धर्मास मान्य नाहीं अशी घोषणा तेथून समुद्रापार ऐकूं येत होती. इकडे इराकनें तर १९५८ मध्येंच आपल्या राजाचा वध केला होता. दोघेही सिंहासनांचे वैरी. त्यांतल्या त्यांत अधिक भय इराणचें वाटल्यामुळें सौदी अरबस्थान व कुवेत यांनीं इराकला अब्जावधि डॉलर कर्जाऊ दिले, त्याच्या खातीं आपलें तेल विकलें, आणि कुवेतनें आपलीं बंदरें इराकच्या मालास मोकळीं केलीं. सापाला दूध पाजण्याचाच हा प्रकार, असें आज म्हणणें सोपें आहे. परंतु त्या वेळीं इराक पडला असता, तर पुढचा घाव आपल्यावर, ही त्यांची भीति निराधार नव्हती.

स्वतःचें बळ एकत्र करण्याचा प्रयत्नही त्यांनीं केला, हें विसरूं नये. ता. २५ मे १९८१ रोजीं अबू धाबी येथें सौदी अरबस्थान, कुवेत, बहरीन, कतार, अमिरात व ओमान यांनीं आखाती सहकार्य मंडळ स्थापिलें. इराक युद्धांत गुंतला होता, म्हणून त्यास वगळण्याची आयतीच संधि मिळाली. गंमत अशी कीं, ज्या भयानें हें मंडळ जन्मास आलें त्याचा उच्चारही सनदेंत नव्हता. भाषा सारी व्यापाराची व सहकार्याची. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बहरीनमध्यें राज्य उलथण्याचा कट उघडकीस आला, तेव्हां संकोच गळाला. एक संयुक्त सेनाही उभी राहिली. परंतु ती कांहीं हजारांची, आणि समोरचे दोघे लक्षावधि सैन्य झुंजवीत होते.

मुख्य मतभेद पडला तो परराष्ट्रांच्या मैत्रीविषयीं. ओमाननें १९८० मध्येंच अमेरिकेस आपल्या विमानतळांचा उपयोग करूं देण्याचें मान्य केलें होतें. तरीही तेहरानशीं बोलणें त्यानें कधीं तोडलें नाहीं, आणि हें त्याचें धोरण मला सर्वांत शहाणपणाचें वाटतें. सौदी अरबस्थानला अमेरिकेचीं टेहळणी विमानें हवीं होतीं. तीं विकण्यास अमेरिकन सिनेटनें ५२ विरुद्ध ४८ अशा निसटत्या मतांनीं वाट मोकळी केली. मात्र अमेरिकेचें आरमार असावें तें क्षितिजापलीकडे, प्रजेच्या डोळ्यांआड, अशीच रियाधची इच्छा होती. कुवेत या सर्वांहून निराळें. सोव्हिएट रशियाशीं वकिलातीचा संबंध ठेवणारें सहांतलें तें १९८५ पर्यंत एकटेंच. अमेरिकेनें १९८४ मध्यें विमानवेधी अस्त्रें नाकारतांच त्यानें मॉस्कोकडून शस्त्रें घेतलीं.

परंतु अलिप्तपणाचें चिलखत घातलें म्हणून बाण चुकत नाहींत. १९८३ च्या डिसेंबरांत कुवेत शहरांत अमेरिकन व फ्रेंच वकिलातींवर बाँबहल्ले झाले; १९८५ मध्यें खुद्द अमीर जाबिर यांच्या गाडीवर प्राणघातक हल्ला झाला व ते थोडक्यांत बचावले. १९८४ पासून दोन्ही पक्ष तेलवाहू जहाजांवर तुटून पडूं लागले होतेच. पुढें १९८६ च्या फेब्रुवारींत इराणनें फाव हें इराकी ठाणें घेतलें, तेव्हां इराणी शिपाई आणि कुवेतचें बुबियान बेट यांच्यामध्यें केवळ एक खाडी उरली.

त्या वर्षाच्या अखेरीस कुवेतनें जो डाव टाकला त्याचें मला कौतुक वाटतें. आपल्या जहाजांस संरक्षण द्यावें, अशी विनंती त्यानें वॉशिंग्टन व मॉस्को या दोन्ही दरबारीं केली. रशियानें तीन जहाजें भाड्यानें देण्याचें कबूल केलें. हें कळतांच, इतके दिवस चालढकल करणाऱ्या अमेरिकेनें अकरा कुवेती जहाजें आपल्या निशाणाखालीं घेतलीं! दोन बलाढ्य राष्ट्रांच्या परस्पर मत्सरावर एका चिमुकल्या राज्यानें आपलें तारूं तरंगत ठेवलें. आणि तरीही जमिनीवर तळ देण्यास कुवेतनें नकारच दिला. अमेरिकनांनीं आखाताच्या उत्तर भागांत मोठमोठे तराफे नांगरून त्यांवर आपलीं ठाणीं केलीं. निशाण उतरलें खरें, पण किनारा राखला.

या संरक्षणाची किंमत मात्र भलत्यांनींच मोजली. ता. ३ जुलै १९८८ रोजीं अमेरिकेच्या ‘विन्सेन्स’ नांवाच्या युद्धनौकेनें इराणचें एक उतारूंचें विमान शत्रूचें समजून पाडलें; २९० निरपराध माणसें प्राणांस मुकलीं. पुढील महिन्याच्या २० तारखेस युद्ध थांबलें.

आणि ज्याची भीति धरून आठ वर्षें द्रव्य ओतलें तो इराण थकून बसला असतां, घाला आला दुसऱ्याच बाजूनें. इराकजवळ आतां सुमारें दहा लक्ष सैन्य होतें व डोक्यावर कर्जाचा डोंगर. अरबांसाठीं आपण रक्त सांडलें, तेव्हां कर्ज सोडून द्या, असें सद्दामचें म्हणणें. कुवेतनें तें मानलें नाहीं. तेलाचे भाव व सरहद्दीवरील विहिरी यांवरून तंटा वाढला. ता. २ ऑगस्ट १९९० रोजीं इराकी रणगाडे कुवेतमध्यें शिरले. कांहीं तासांत राजधानी पडली व अमीरांनीं सौदी अरबस्थानचा आश्रय घेतला. सहा राज्यांची ती संयुक्त सेना हें आक्रमण थोपवूं शकली नाहीं.

चारच दिवसांनीं, ता. ६ रोजीं, जेद्द्यास राजे फहद यांनीं अमेरिकन सैन्यास आपल्या देशांत येण्याची अनुज्ञा दिली. मक्का व मदिना येथील पवित्र स्थानांचे सेवक ही पदवी ज्यांनीं धारण केली होती, त्यांनीं बिनमुसलमान सैन्य बोलवावें, हा निर्णय सामान्य नव्हे. तेथील श्रेष्ठ उलेमांकडून त्यास धर्माज्ञेची जोड घ्यावी लागली. तथापि त्यानें पेटलेला असंतोष पुढें वर्षानुवर्षें धुमसत राहिला. क्षितिजापलीकडचें आरमार आतां अंगणांत आलें. सुमारें पांच लक्ष अमेरिकन सैनिक जमा झाले, आणि १९९१ च्या फेब्रुवारी अखेरीस कुवेत मुक्त झालें. तत्पूर्वींच, १९९० च्या उत्तरार्धांत, सौदी अरबस्थाननें कम्युनिस्ट चीन व रशिया या दोघांशीं वकिलातीचे संबंध जोडले होते. याच संकटांत कुवेतमधील आपले सुमारें १ लाख ७० हजार देशबांधव बहुतांशीं अम्मानमार्गें विमानांनीं परत आणण्यांत आले. तीं खचाखच भरलेलीं विमानें मुंबईस उतरत, तो काळ आपणांपैकीं पुष्कळांस आठवत असेल.

युद्धानंतर एक निराळी वाट खुली होती. १९९१ च्या मार्चमध्यें दमास्कसला असें ठरलें कीं, ईजिप्त व सीरिया यांनीं सैन्य द्यावें, श्रीमंत राज्यांनीं द्रव्य द्यावें आणि अरबांचें रक्षण अरबांनींच करावें. परंतु अरब शेजाऱ्याकडूनच घर लुटलें गेलेल्या कुवेतला अरब पाहुणे घरांत ठेवण्याचा धीर होईना. ईजिप्तनें दोनच महिन्यांत आपलें सैन्य परत नेण्याचें जाहीर केलें. ता. १९ सप्टेंबर १९९१ रोजीं कुवेतनें अमेरिकेशीं दहा वर्षांचा संरक्षण करार केला, आणि पुढील दोन-अडीच वर्षांत ब्रिटन, फ्रान्स व रशिया यांच्याशींही तसेच करार करून ठेवले. बहरीन, कतार व अमिरात त्याच मार्गानें गेलीं. १९९५ मध्यें अमेरिकेच्या पांचव्या आरमाराचें मुख्य ठाणें बहरीनमध्यें झालें.

वसईचा तह व तैनाती फौज शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या माझ्यासारख्यास येथें बाजीरावाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. परंतु ती तुलना पुरती जुळत नाहीं. बाजीरावानें एकाच परकीयाच्या हातीं मान दिली. कुवेतनें अनेकांशीं करार करून कोणा एकाचें ओझें भारी होणार नाहीं, अशी खटपट केली. हिशेब मात्र उलटला. शेख मुबारकास वचनाबद्दल इंग्रजांकडून पंधरा हजार रुपये मिळाले होते. १९९१ च्या युद्धखर्चापोटीं त्याच्या वंशजांनीं अमेरिकेला सुमारें १६ अब्ज डॉलर दिले.