तारान्तोचं आखात आणि आपली विसरलेली माणसं

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, हे शाळेत सगळ्यांनी ऐकलंय. त्या बुटाची टाच आणि चवडा यांच्यामधली पोकळी म्हणजे तारान्तोचं आखात. आज तिथं लोक जातात ते पांढऱ्या वाळूसाठी, निळ्याशार पाण्यासाठी. पूर्व किनाऱ्यावर गल्लीपोली नावाचं मासेमारीचं जुनं गाव आहे (तुर्कस्तानातलं युद्धवालं गॅलिपोली वेगळं, गल्लत नको). खुद्द तारान्तो शहरात समुद्राचे दोन भाग: मोठा समुद्र आणि छोटा समुद्र. छोट्या समुद्रात शिनाणे जातीच्या शिंपल्यांची शेती चालते. दोन्हींच्या मधल्या खाडीवर फिरता पूल आहे, युद्धनौका आली की दोन भागांत दुभंगून बाजूला सरकणारा.

या बंदरात 11 नोव्हेंबर 1940 च्या रात्री ब्रिटिशांची 21 विमानं आली. कापड मढवलेली, दुपंखी, तेव्हाच जुनाट वाटणारी. एवढ्या उथळ पाण्यात विमानातून टाकलेला टॉर्पेडो तळाला रुतणार, असा बहुतेकांचा समज होता. ब्रिटिशांनी त्यावर तोड काढली आणि इटलीच्या सहापैकी तीन बलाढ्य युद्धनौका एका रात्रीत निकामी केल्या. नंतर जपानी नौदलाचा अधिकारी येऊन हे बंदर बघून गेला. वर्षभरानं पर्ल हार्बर झालं.

इथपर्यंतची गोष्ट युद्धाच्या पुस्तकांत सापडते. पुढची आपली आहे, आणि ती आपल्यालाच माहीत नाही.

सप्टेंबर 1943 मध्ये इटलीनं शरणागती पत्करली आणि त्याच महिन्यात याच तारान्तोच्या धक्क्यावर आठवी भारतीय डिव्हिजन उतरली. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. तिथून ही पोरं नदीमागून नदी ओलांडत, चिखलात, बर्फात, उत्तरेकडे लढत गेली. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर याच बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारात जखमी साथीदारांना पाण्यातून ओढून आणलं, शत्रूची मशीनगनची ठाणी एकट्यानं गप्प केली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्यांना बोलावलं. नगर जिल्ह्यातल्या निमजचा हा माणूस! त्याआधी 10 जुलै 1944 ला माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे टायबरच्या खोऱ्यात पडले. वय 22. कबर नाही, कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीत साडेपाच हजारांहून जास्त भारतीय सैनिक गेले.

मग आपण विसरलो का? कारण ही माणसं आपल्या कुठल्याच चौकटीत नीट बसत नाहीत. 1943 मध्येच सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांच्या नाकात दम आणत होतं. एकाच मुलखातला एक जण इंग्रजांविरुद्ध भूमिगत, दुसरा इंग्रजांच्या वर्दीत परदेशी. कुणाला घरची ओढगस्त होती, कुणाच्या घराण्यात पलटणीची परंपरा होती. स्वातंत्र्यानंतर पहिल्याचा गौरव झाला, तो व्हायलाच हवा होता. दुसऱ्याबद्दल आपण गप्प बसलो.

त्यांना साम्राज्याचे नोकर म्हणणं सोपं, आणि आज नुसते पोवाडे गाणंही सोपं. पण ते फॅसिझमविरुद्ध लढले हे खरं, आणि स्वतः गुलाम देशाचे होते हेही खरं. दोन्ही एका वेळी खरं असू शकतं. इतिहास म्हणजे तेच.

इटलीतल्या मोन्तोने या छोट्या गावानं 2023 मध्ये घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या गावाला आठवण राहिली, मग आपल्याला का नाही?

म्हणून मंडळी, एक करा. घरातली जुनी ट्रंक उघडा. पदक, पलटणीचा फोटो, पेन्शनचा कागद सापडतोय का बघा. पणजोबा ‘इटलीला होते’ असं कुणी म्हातारं माणूस सांगत असेल तर आजच लिहून घ्या. नाव, गाव, पलटण, एवढं कमेंटमध्ये टाकलंत तरी पुष्कळ. सांगणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत.