चौकट, सोबती आणि यवतमाळची तसबीर

साहित्याच्या इतिहासात आपण मित्रमंडळातल्या वाचनांना मानाची जागा देतो. कवितेचा कच्चा खर्डा कुणी ऐकला, कुणी कोणती ओळ गाळायला लावली, कोणत्या संपादकाने कथा परत पाठवली, यांवर प्रबंध लिहिले जातात. छायाचित्राच्या वाट्याला मराठीत हे भाग्य क्वचितच आले. छायाचित्र एका क्षणात, एकट्याने, यंत्राच्या साहाय्याने काढले जाते अशी आपली समजूत असल्यामुळे त्यामागे एखादी मंडळी बोलत बसलेली असेल हे आपल्या ध्यानातच येत नाही. वास्तविक ही मंडळी आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांच्या आसपास बोलत आहे. तिच्या बोलण्याने छायाचित्राच्या रचनेचे काय केले, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यातून निघणाऱ्या छायाचित्रांना त्या बोलण्याचा काय उपयोग झाला, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेत आहोत.

लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ सालची. तिच्यामागोमाग १८५४ च्या ऑक्टोबरात फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था १८५६ च्या. मुंबईच्या संस्थेत लष्करी अधिकारी आणि सरकारी नोकर यांचा भरणा असला, तरी डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिचे सभासद होते. नारायण दाजी तर पुढे तिच्या कार्यकारी मंडळावरही होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गातून शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नामांकित व्यावसायिक छायाचित्रकार झाले. संस्थेचे स्वतःचे नियतकालिक होते, सभा होत, सभासद आपली प्रिंट मांडत. चर्चेचा मोठा भाग अर्थातच रसायनांचा असे. कलोडियन उन्हाळ्यात लवकर सुकते, मेणकागद त्यापेक्षा टिकतो, पाणी कोणते वापरावे, अशा गोष्टी. आज हे स्वयंपाकघरातले बोलणे वाटेल. पण काच ओली असेपर्यंतच काम उरकायचे असेल तर रचनेचा विचार किती वेळ करता येतो, हे त्या बोलण्यावरूनच कळते.

या वर्तुळातले विल्यम जॉन्सन आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटतात. हेंडरसन यांच्यासह त्यांनी १८५६ ते १८५८ या काळात हौशी छायाचित्रकारांसाठी एक मासिक अल्बम काढला. पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींवरचे त्यांचे दोन खंड निघाले. या खंडांतली माणसे स्टुडिओत उभी करून टिपलेली आहेत. नंतर त्यांच्या आकृती कापून वेगळ्याच देखाव्यांवर बसवलेल्या आहेत. कोळी, ब्राह्मण, पारशी, सारेच आपापल्या ‘योग्य’ पार्श्वभूमीसमोर! आपल्या मागे कोणता देखावा जोडला जाणार आहे, हे त्या उभ्या राहिलेल्या माणसांना कुणी विचारले असेल असे वाटत नाही.

छायाचित्रकारांच्या मंडळीत कुणी बसायचे, हाही प्रश्न तेव्हा मिटलेला नव्हता. १८५७ साली कलकत्त्यात राजेंद्रलाल मित्र यांनी निळीच्या मळेवाल्यांवर जाहीर टीका केली, आणि तिथल्या फोटोग्राफिक सोसायटीतून त्यांना दूर व्हावे लागले. ते त्या संस्थेचे पदाधिकारी होते. सोबत्यांचा अभिप्राय हा केवळ सोबत्यांच्या सदिच्छेवर चालत नाही. खोलीत कोणाला खुर्ची आहे यावरही तो अवलंबून असतो.

विसाव्या शतकात रसायनांची जागा रचनेने घेतली. मुंबईत १९३२ च्या सुमारास कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स ही मंडळी एकत्र आली, १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया, आणि १९५३ मध्ये देशभरच्या क्लबांचा महासंघ. या क्लबांची भाषा चित्रकलेतून उसनी आणलेली होती. चौकटीचे तीन भाग करण्याचा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांसंबंधी लिहिताना मांडला होता. हेन्री पीच रॉबिन्सनने १८६९ च्या आपल्या ग्रंथात चित्ररचनेचे शास्त्रच छायाचित्रकारांच्या हाती दिले. क्लबातली पद्धत साधी असे. काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे प्रिंटवर ठेवायचे, आत-बाहेर सरकवायचे, आणि चित्र नेमके कुठे संपायला हवे ते पाहायचे. त्या तुकड्यांपुढे भल्याभल्यांचा अभिमान गळून पडे.

कोणत्याही तालुक्याच्या गावी चार छायाचित्रकार एकत्र आले की आजही हेच बोलणे ऐकू येते. “मागचा खांब त्याच्या डोक्यातून उगवलाय.” “क्षितिज उतरतंय.” “तो जिकडे बघतोय तिकडे जागा सोड की रे.” “पायाची बोटं कापलीस.” या शेऱ्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. ज्याने चित्र काढले त्याला त्यात त्या दिवसाचे ऊन, बोलणे, तिथवर पोहोचायला पडलेले कष्ट, सगळे दिसत असते. सोबती तिथे नव्हता, म्हणून त्याला फक्त चौकटीत आहे तेवढेच दिसते. लेखकाला आपल्या लेखनातली उणीव दिसत नाही त्याचेही कारण हेच, आणि वाचकाचे बळही यातच आहे.

पण ही पद्धत सलोन स्पर्धांच्या वाटेला लागली, तेव्हा बोलण्याची जागा गुणांनी घेतली. परीक्षक गुण देतात, चित्र ‘स्वीकृत’ होते किंवा परत येते, आणि कारण बहुधा कळत नाही. मग छायाचित्रकार कारण अंदाजाने शिकतो: मागच्या वर्षी काय स्वीकारले गेले ते पाहून. अशा शिक्षणातून चौकट सुबक होते आणि एकसारखीही होते.

यवतमाळात या एकसारखेपणाला फार मोठी किंमत आहे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. त्या सुमारास देशभरचे कॅमेरे इथल्या कापसाच्या शिवारात आले. त्यांतून एक रचना रूढ झाली, ती वाचकांनी असंख्य वेळा पाहिली असेल. कुडाची किंवा मातीची भिंत, बाजूच्या दारातून येणारा उजेड, डोक्यावर पदर घेतलेली बाई, आणि तिच्या हातात नवऱ्याची हार घातलेली तसबीर. क्लबाच्या कोणत्याही कसोटीवर हे चित्र उतरते. उजेड मऊ आहे, नजर योग्य दिशेला आहे, चौकटीत चौकट आहे. काटकोनी पुठ्ठ्यांना तिथे कापण्यासारखे काही सापडत नाही. रॉबिन्सनने १८५८ साली पाच निगेटिव्ह जोडून मरणासन्न मुलीचे चित्र रचले, तेव्हा दुःखाची अशी मांडणी करावी का, असा आक्षेप निदान काही प्रेक्षकांनी घेतला होता. इथे ती तसबीर बाईच्या हातात कुणी दिली, हा प्रश्न सोबत्यांच्या शेऱ्यांत आम्ही तरी फारसा ऐकलेला नाही. खांब कुठून उगवला हे विचारणाऱ्या डोळ्याला हे विचारणे काही अवघड नव्हते.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला बाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेल्याच्या वादानंतर उद्घाटनाचा मान वैशाली येडे यांना मिळाला. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या येडे त्याआधी ‘तेरवं’ या नाटकातून रंगमंचावर उभ्या राहिलेल्या होत्या. या नाटकात अशा घरांतल्या बायकाच काम करीत. कुठे उभे राहायचे, कोणाकडे पाहायचे, केव्हा पाठ फिरवायची, हे तालमीत ठरते. आणि तालीम म्हणजे ज्याचे चित्र आहे त्याच्यासमोर केलेली चर्चाच. छायाचित्रकारांच्या बैठकीत जी खुर्ची रिकामी राहते, ती इथे भरलेली होती, म्हणून या नाटकाचा उल्लेख या विषयात आम्हांला आवश्यक वाटतो.

त्या हातातल्या तसबिरीविषयीही थोडे सांगायला हवे, कारण तीही एका छायाचित्रकाराचीच रचना असते. शेतकऱ्याचा एकट्याचा मोठा फोटो घरात सहसा नसतो. मग लग्नाच्या घोळक्यातून किंवा ओळखपत्रावरून चेहरा उचलायचा, अंगात कोट किंवा इस्त्रीचा शर्ट घालायचा, मागे निळा पडदा टाकायचा, हे काम तालुक्याच्या गावातला फोटो स्टुडिओ करतो. जॉन्सनने केले तसेच कापणे आणि जोडणे. फरक इतकाच की इथे फ्रेम करण्याआधी चित्र घरच्यांना दाखवावे लागते, आणि ते काउंटरशी उभे राहून सांगतात: एवढे गोरे नव्हते ते, मिशी जरा खाली होती, आणि तो कोट काढा, त्यांनी कधी घातला नाही. स्टुडिओवाला पुन्हा बसतो आणि कोट काढतो.